एका बाजूची धार

मी त्याचा हिशेबनीस.
रुवीतल्या खोलीत चार खाटा होत्या,
खिडकीकडची त्याची, पंख्याखालची माझी.
सहदेव कुबल, मुक्काम आचरे, तालुका मालवण.
व्हिसावर हुद्दा : बशा धुणारा.

हॉटेलच्या तळघरात ओनोदेरा नावाचा म्हातारा
दिवसाला एकच शब्द बोलायचा.
त्याचा अर्थ ‘पुन्हा’,
हे सहदेवला तिसऱ्या महिन्यात कळलं.
तांदूळ धू. पुन्हा.
भाताला वारा घाल. पुन्हा.
तीन वर्षं नुसता भात.
रात्री खाटेवर पडून म्हणायचा,
गाबिताच्या पोराला मासळी शिवू देत नाहीत,
काय नशीब बघ.

मग सुरी हातात आली, एकाच बाजूला धार असलेली.
त्या रात्री मला उठवून सांगत बसला :
आये विळीवर बसते तेव्हा पातं जागचं हलत नाही,
मासाच पुढे-मागे होतो.
इथे उलटं. मासा निजलेला,
सगळं चालणं पात्याचं.
आधी आयेचा हात विसरायला हवा होता रे,
त्यातच वेळ गेला.

पुढे मुत्राहला, बाजारामागच्या गल्लीत दुकान घेतलं.
कागदावर मालक सालिम अल-बलूशी,
आणि नाव साकुराच हवं, हा हट्टही त्याचाच.
साकुरा आम्हा तिघांपैकी कोणी पाहिलेला नव्हता.
पाटी रंगवणाऱ्या कण्णूरच्या सुकुमारननं
दारातली बोगनवेल बघून काढली.
ती अजून आहे.

एप्रिलात उघडलं, जूनमध्ये गोनू आलं.
कोरड्या वादीतून पाणी उतरलं ते छातीपर्यंत;
फ्रीज तरंगत जाऊन मशिदीच्या पायरीला लागला.
माझ्या वहीत त्या पानावर चिखलाचा पंजा आहे,
रकमा नाहीत.
सुरी चौथ्या दिवशी सापडली,
फावड्याला खणकन लागून.
समोरच्या पठाणाच्या तंदूरमधून
आठवडाभर रोट्या आल्या.
मी त्या नावे टाकल्या, त्यानं पैसे घेतले नाहीत.
ते खातं उघडंच राहिलंय.

सालिमचे चुलते दारातूनच विचारायचे :
कच्चा? अगदी कच्चा?
आणि समोर रोटी खायला जायचे.
एका संध्याकाळी जहाजावरचा एक जपानी इंजिनियर आला,
काही न बोलता जेवला,
न बोलता गेला.
दुसऱ्या दिवशी सात जणांना घेऊन आला.
त्या महिन्यात पहिल्यांदा
मी बेरीज दोनदा तपासली, आनंदानं.

आई आली, एकदाच, पंधरा दिवसांसाठी.
तिला काउंटरवर उंच खुर्चीत बसवलं,
पाय अधांतरी.
त्यानं समोर आठ घास मांडले.
तिनं भातावरची इसवण उचलून उजेडात धरली.
‘झिला, हळद तरी लावूक होयी होती.’
मग पदर खोचून आत.
तव्यावर चर्र झालं,
आणि दोन नंबरच्या टेबलावरचे जर्मन
माना वळवून विचारू लागले, ते काय, आम्हालाही द्या.
सहदेवनं दिलं नाही.
ते त्यानं स्वतः खाल्लं,
आत, उभ्यानं, बोटं चाटून.
मेनूत घाल, मी म्हटलं, किंमत मी लावतो.
त्यानं माझ्याकडे असं बघितलं
की मी पेन खिशात ठेवलं.

अजूनही पहाटे चारला तो बंदरावर असतो.
कल्ला उचलून बघतो, भाव अरबीत करतो,
शिव्या मालवणीत देतो.
सुरी झिजून चार बोटं आखूड झाली.
एवढं पोलाद गेलं कुठे, मी विचारलं,
घसारा लिहायचा होता.
थोडं दगडात, म्हणाला,
थोडं लोकांच्या पोटात.

परवा चितगावचा नवा मुलगा तांदूळ धूत होता.
सहदेव मागे जाऊन उभा राहिला.
भांड्यातलं पाणी दुधाळ होतं.
म्हाताऱ्याचा शब्द येणार म्हणून मी कान दिला.
‘परत धू रे झिला,’ तो म्हणाला.
मुलानं नळ सोडला.
त्याला कोणत्या भाषेत कळलं,
विचारलं नाही मी.