ठेकेदाराचा रकाना

फॉल रिव्हरची नगरपालिका हमरस्त्याच्या डोक्यावर बांधलीय.
खालून जड ट्रक गेला की काउंटरवरची पेनं थरथरतात.
ओडेट मान वर न करता म्हणते,
"आलास, फुर्तादो? या आठवड्यात एकोणतीस,"
आणि परवान्यांची चळत माझ्यापुढे सरकवते.

पत्ता. मालक. कामाचं स्वरूप. अंदाजे खर्च.
शेवटचा रकाना ठेकेदाराचा.
तो भरलेला असला की मी पान उलटतो,
कोरा असला की चष्मा लावतो.

अंदाजे खर्च कुणी खरा लिहीत नाही.
फी त्यावर ठरते.
म्हणून सात हजार लिहिणाऱ्याकडे
मी बाराची बोली घेऊन जातो.
तो घासाघीस करतो, पण दचकत नाही.

बाकी कागद सगळं सांगतो.
न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या : कुणीतरी पडलंय.
तळघरात दुसरी चूल : मुलगा परत आलाय, बायकोसकट.
माळ्यावर खोली, ऑक्टोबरच्या आत :
तिथे अभिनंदन करण्याआधी
मी एकदा पोटाकडे बघून घेतो.

परवाना निघाला म्हणून लगेच दार वाजवू नये.
आधी सुतार, मग वायरमन, मग नळवाला,
मग निरीक्षक येऊन उघड्या फळ्यांत टॉर्च मारतो.
त्याची सही झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी
मालक आपल्या घराच्या सांगाड्यात कॉफी घेऊन उभा असतो
आणि त्याला तेव्हा आठवतं,
भिंतींचं कुणाला सांगितलंच नाही.
त्या वेळी मी दारात.
नखांत थोडा चुना मुद्दाम ठेवलेला.
स्वच्छ नखांच्या गिलावेवाल्याला कोण काम देतं?

लीडिया म्हणते, "बाबा, हे सगळं आता घरबसल्या दिसतं."
तिने दाखवलंही. यादी चांगली होती.
पण तीत खाडाखोड दिसत नाही :
कुणाचं नाव लिहून परत गिरगटलंय,
कुणाचं कुणाशी बिनसलंय.
माझं अर्धं पोट त्या गिरगट्यांवर भरलं आहे.

गेल्या मंगळवारी, सतरावा कागद.
कोलंबिया रस्ता, दुसरा मजला.
मालक : केओ, चंदारा.
काम : जुनं गिलाव्याचं छत पाडून जिप्समचे बोर्ड लावणे.
ठेकेदार : कोरा.

ते छत माझं.
एकोणनव्वदचा फेब्रुवारी. साओ मिगेलहून येऊन अकरा आठवडे,
खिशात इंग्रजीचे चाळीस शब्द, त्यातले तीस शिव्या.
थंडीने माल धरेना.
हेर्मिनियो खाली घमेलं घेऊन, मी वर फळीवर,
आणि रात्रभर स्टोव्ह पेटता ठेवून
आम्ही दोघा भावांनी ते छत तापकऱ्या पोरासारखं राखलं.
सकाळी त्याने बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. खणखणीत.
तसा तो कशावरच खूश होत नसे.

तेव्हा परवाना काढायची ऐपत कुणाची?
म्हणजे नगरपालिकेच्या लेखी
ते छत कधी झालंच नव्हतं.
पस्तीस-छत्तीस वर्षांनी आज त्याची पहिली नोंद.
पाडायचं म्हणून.

"ओळखीचं घर?" ओडेटने विचारलं.
मी म्हणालो, "पेन दे. माझं थांबलंय."

गुरुवारी गेलो.
केओ तरुण माणूस, पायात मोजे, कडेवर मूल.
मी वर पाहिलं.
कोपऱ्यात केसाएवढा तडा, दिव्याजवळ ओलीचा डाग,
बाकी सगळं जिथल्या तिथे.
हेर्मिनियो आता सेंट पॅट्रिकच्या दफनभूमीत आहे,
नाहीतर त्याला फोन केला असता.

"हे पाडायला वेळ लागेल," मी म्हणालो. "घट्ट बसलंय."
"नुसतं बघून कसं कळलं?"

मी बोली दोनशेने वाढवली.