तिळाएवढा चेहरा

यांगचौमध्ये सप्टेंबर सरत आला
की कालव्याकाठच्या बाजारात खेकडे येतात,
गवताच्या दोरीने बांधलेले, तोंडाला फेस.
आमच्या कार्यशाळेत त्यांना बंदी.
खेकड्याच्या रसाने चीक नासतो, मग तो वाळतच नाही,
असं कुआंग मास्तर म्हणायचे,
आणि उंबऱ्यावर एकेकाचे हात हुंगायचे.

मी सोळाची होते. पहिल्याच आठवड्यात
हात सुजले, पापण्या मिटल्या,
बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड.
झाडाला घावांवर घाव घालून काढलेला चीक तो,
कुणाच्या तरी अंगावर फेडून घेणारच.
रात्री मास्तर आले. वाटीत ठेचलेला खेकडा,
तोच, बंदीतला.
मनगटापर्यंत थापला आणि म्हणाले,
जे त्याला नासवतं ते तुला वाचवेल.
दुसऱ्या दिवशी मला आत घेतलं नाही.
हातांना वास येत होता.

आता माझ्यासमोर हा डबा.
साडेतीनशे वर्षांचा, असं कागद म्हणतो.
झाकणावर पूल, पुलावर म्हातारा,
मागे वाद्य काखोटीला मारलेला पोऱ्या,
काठावर विलो, पान न् पान सुटं कापलेलं,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ शिंपला.
समोरून हिरवा. मान जरा कलती केली
की जांभळा, मग गुलाबी,
मग काहीच नाही, नुसता काळा,
जसं कुणी दिवा घेऊन
आतल्या खोलीतून निघून गेलं.

पोऱ्याला चेहरा नाही.
कधी पडला कोण जाणे,
कुठल्या आगबोटीच्या पेटाऱ्यात,
कुणा मोलकरणीच्या फडक्याला चिकटून.
मालकीण थांगबाई म्हणाल्या, नव्यासारखा करा.
नवा असताना तो कसा होता
हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

दिवा आडवा ठेवला, झाकणाच्या पातळीत,
तेव्हा दिसली ती.
पुलाच्या अलीकडच्या टोकाला, काळ्याच्या खाली,
एक उंचवटा. खांदा. लांब बाही.
बाई की मूल, सांगता येत नाही.
कुणीतरी तिला कापलं, बसवलं,
सगळ्यांवर चढवला तसा तिच्यावरही चीक चढवला,
मग कोळशाने घासत घासत सगळ्यांना वर आणलं
आणि तिच्यापाशी हात थांबवला.
इतक्या वर्षांत चीक आक्रसला,
ती आपली आपण वर येतेय,
वर्षाला केसाएवढी, तीही नाही.

एका दुपारचं काम होतं.
ओला कोळसा हातात घेतलासुद्धा.
बाहेर कुणी सायकल लावली, घंटी वाजली,
मी कोळसा परत पाण्यात टाकला.
कारण विचारू नका. मलाच ते धड माहीत नाही.

मास्तर गेले तेव्हा त्यांचा डबा माझ्याकडे आला,
खोकल्याच्या गोळ्यांचा, पत्र्याचा,
आत चिमूटभर शिंपला, उरलेला, नखांच्या कातरणीसारखा.
त्यातून चेहरा कापला. तिळाएवढा.
नाक-डोळे काही नसतात तिथे.
हनुवटीचं टोक कुठे काढायचं, एवढंच असतं हातात:
म्हाताऱ्याच्या पाठीकडे की मागे.
पाच वाया गेले. सहावा
मी मागे वळवला.

अर्जात रकाने आहेत.
काय गहाळ होतं: चेहरा, एक.
काय घातलं: चेहरा, एक, नवा.
कुठे पाहतोय, असा रकाना नाही.

डबा दमट कपाटात ठेवलाय.
हा चीक उन्हात वाळत नाही, कोरड्यात तर नाहीच,
त्याला ओल लागते घट्ट व्हायला.
भिंतींवर पाणी शिंपडलं, दार लोटलं,
आणि येताना पुलाखालच्या बाईकडून
दोन खेकडे घेतले, मादी, लाखेसारख्या भरलेल्या.
आलं-व्हिनेगर लावून एकटीनेच खाल्ले,
नखांत शिरेपर्यंत, पायांच्या नळ्या चोखून.

आता परवापर्यंत आत जायचं नाही.