बावीस नंबरचा खांब

उम्म अल कुवैनच्या खाडीत
मी पायवाट रोवतो.
एकूण एकेचाळीस खांब, प्रत्येकाच्या डोक्याला पिवळा पट्टा.
खांद्यावर घण, कमरेला दोरी,
आणि पुढे तिलबहादूर, ज्याने विशीपर्यंत
डोंगराशिवाय काही पाहिलं नव्हतं.
तो म्हणतो, इथे कितीही चाललं तरी
पोचल्यासारखं वाटत नाही.
खरंय. चढ नाही, उतार नाही.
सबखा म्हणजे तव्यावर पातळ पसरलेलं
कडेने करपत आलेलं मिठाचं घावन.
उंच म्हणावा तर एक बगळा.

नदी नाही या मुलुखात.
समुद्रच दिवसातून दोनदा नदी होऊन आत येतो
आणि हात हलवत आल्या वाटेने परततो.

कागदावर लिहिलंय:
लांबी तीन किलोमीटर. सोपी. लहान मुलांना चालेल.
कागदाला पाय नसतात.

मला चिखल कळतो.
आंजर्ल्याच्या खाडीत कालवं काढायला
सुभद्राकाकी पुढे, मी मागे.
आधी टाच सोडव, मग बोटं, ती म्हणायची,
चिखलाशी भांडू नको,
तो भांडणाऱ्याची चप्पल ठेवून घेतो.
तिथे कुणी चालायचं म्हणून चालत नसे.
तिवरात शिरायचं ते सरपणाला, चिंबोऱ्यांना,
नाहीतर कुणापासून तरी लपायला.
आता त्याच तिवराचा पगार मिळतो.
इथे त्याला कुर्म म्हणतात.
पान चाटून पाहिलं. तेवढंच खारट.

भरती आवाज करत नाही.
आधी खेकड्यांची बिळं भरतात,
मग आपल्या पावलांची.
सतरा नंबरचा खांब दर उधाणाला आडवा होतो.
आम्ही उठवतो, तो झोपतो.
तिलबहादूर त्याला सुपरवायझर म्हणतो.

खलफान रोज यायचा, जाळं न घेता,
पालथ्या होडीवर बसायचा
आणि रोहित पक्षी उलट्या चोचीने
पाणी गाळतात ते बघायचा.
त्याची हिंदी मुंबईच्या गोदीतली,
माझी शारजाच्या कॅम्पातली.
एकदा विचारलं, बाबा, नकाशावर पुढे गाव दाखवलंय,
ते कुठंय?
आहे ना, म्हणाला.
काल तू त्यात घण मारलास.

उठला. बावीसला हात टेकला.
हे दार.
इथे आत माझा भाऊ जन्मला.
पाण्याचा रांजण तिथे,
तुझी डब्याची पिशवी आहे तिथे.

तेव्हा दिसला मला
चिखलातून घोट्याएवढा वर आलेला
प्रवाळी दगडांचा काटकोन.
आठवडाभर मी त्यावर बसून जेवलो होतो,
खरकटं पाणी तिथेच ओतलं होतं.
काय बोलावं सुचेना.
त्यालाही माझ्याकडून काही नको होतं.
लोक येतील ना, एवढंच त्याने विचारलं,
आणि माशांचा वास नसलेले हात
कंदोऱ्याला पुसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला
आम्ही बावीस उपटला, दोन पावलं पूर्वेला रोवला.
अहवालात लिहिलं: जागा बदलली, जमीन भुसभुशीत.
जमीन चांगली टणक होती. घणाचा हात
अजून दुखतो.
नकाशावर दोन पावलं दिसत नाहीत.

शुक्रवारी पहिली माणसं आली,
पांढऱ्या बुटांतली, दुर्बिणी घेतलेली.
बावीसपाशी कुणी थांबलं नाही,
तिथे पक्षी नव्हते.
एक मुलगी तेवढी मागे राहिली,
दगडावर चढली, पलीकडे उतरली,
पुन्हा चढली, पुन्हा उतरली.
होडीवरून खलफान हळूच म्हणाला, तफद्दली.
तिने ऐकलं नाही बहुतेक.
काय म्हणाला, तिलबहादूरने विचारलं.
आत ये म्हणाला, मी सांगितलं.

पाणी वळायला लागलं होतं.
सतरा पुन्हा झोपला होता.
दोरी उचलली.