टक्

नोव्हेंबर. केंटकीच्या डोंगरातली घळ,
हिकरीची पानं पायाखाली पापडासारखी.
ऑर्बिन टॅकेट पहाटेपासून खोडाला पाठ लावून,
मांडीवर बापाची बंदूक, थर्मासात कॉफी,
आणि कान. डोळे आता फारसे कामाचे नाहीत.

बाप सांगायचा, खार दिसत नसते रे,
तिचं खाणं ऐकू येतं.
आधी कुरकुर, मग टरफलांची भुरभुर,
मग गप्प.

टक्.

वळला. काही नाही.
टक्, डावीकडे. टक्, पाठीमागे.
तासभर तो खारीच्या मागावर होता
आणि खार नव्हतीच.
ओढ्याकाठचं झुडूप होतं ते, विच हेझल,
सगळ्या रानानं दुकान बंद केल्यावर
फुलायला बसलेलं:
अंगावर पान नाही, काटकीकाटकीला
पिवळ्या चुरगळलेल्या फिती,
आणि फुलांच्या मांडीला मांडी लावून गेल्या साली धरलेली बोंडं,
तडकत होती, बिया भिरकावत होती,
कुठे पडल्या ते न बघता.

मग खरी आली. तांबूस पोटाची, कोल्ह्याच्या रंगाची.
त्याच्या बुटापासून चार हातांवर खड्डा केला,
हिकरी ठेवली, माती ओढली, थोपटली,
दोन पावलं गेली, परत आली,
पुन्हा थोपटली.

अगदी लोव्हाडा. पिठाच्या डब्यात नोटा,
नोटांवर पीठ, पिठावर झाकण,
आणि रात्री उठून झाकण घट्ट आहे ना बघणं.
आणि तो? खाणीतला पगार शनिवारी उधळणारा,
बावन्नाव्या वर्षी, केस गेल्यावर,
तिला लग्नाचं विचारणारा.

बंदूक उचललीच नाही त्यानं.
दया वगैरे काही नव्हती,
बोटं गारठली होती.

घरी नेली ती एक फांदी.
"खार कुठाय?"
"ऐकली फक्त."
लोव्हाडानं फांदी चुलीजवळच्या बरणीत खोचली,
वास घेतला, नाक मुरडलं, पाणी बदललं.

मध्यरात्री स्वयंपाकघरात, तव्यावर:
टक्.

"उंदीर," ती म्हणाली.
"मी," तो म्हणाला, अर्धवट झोपेत.

ती उठली. दिवा लावला, गुडघे मोडून बसली,
फरशीवर हात फिरवत काळी, चकचकीत बी शोधली
आणि बटणांच्या डबीत टाकली.
झाकण लावलं.
दोन पावलं गेली,
परत आली.