केरीची सुकती

यादीत सात जागा होत्या.
हरमलच्या लॉजवाल्यानं बिलाच्या पाठीमागे
निळ्या शाईत लिहून दिलेल्या:
गोड्या पाण्याचं तळं, रानातला वड, सूर्यास्ताचा खडक,
आणि दोनदा अधोरेखित
तेरेखोलचा किल्ला.
'एवढ्या लांब येऊन किल्ला चुकवायचा न्हाई,'
शेवंताआत्यानं बजावलं होतं.

केरीला पोचलो तर फेरीबोट
किंचित कलून काठाला टेकलेली,
आणि उल्हास तारी डेकवर बसून
भाताच्या डब्यात आमसूल शोधत होता.
'सुकती आसा,' मान वर न करता म्हणाला,
'मदीं रेंव वयर आयल्या.
चार वरांमेरेन रावचें पडटलें.'

आत्याला एकच शब्द कळला, चार.
तिनं मनगट माझ्यापुढे धरलं. साडेबारा.
इचलकरंजीच्या सूतगिरणीत एकतीस वर्षं
भोंग्यावर आत, भोंग्यावर बाहेर.
पाणी नाही म्हणून थांबायचं
हे तिला नळाच्या बाबतीत माहीत होतं,
समुद्राच्या बाबतीत नव्हतं.

समोर किल्ला.
खिडक्या मोजता येतील इतका जवळ.
मी मोजल्या. दोनदा. आकडे वेगळे आले.
मग सोडावॉटर प्यायलो, मग शहाळं,
मग कुत्र्याला बिस्किटं घातली,
आणि वळून बघते तर आत्या
चपला हातात घेऊन उतारावरून निघालेली.

खाली उघड्या पडलेल्या रेतीत
तीन बायका वाकल्या होत्या.
त्यातली सुकांती, डोक्याला टॉवेल, दंडाला देवाचा दोरा,
आत्याकडे बघून हसली
आणि काही न विचारता तिला टोपलीपाशी जागा दिली.
'काय काढताय?'
'तिसऱ्यो.'
'दिसत तर न्हाईत कुठं.'
'पांयांनी सोद गो. दोळ्यांनी न्हय.'

आत्यानं निऱ्या खोचल्या.
घोटाभर, मग पोटरीभर गढूळ पाणी.
आधी नुसतीच उभी राहिली,
कुणी अनोळखी घरात उभं राहावं तशी.
मग टाचेखाली काहीतरी टणक.
वाकली. दगड.
पुन्हा टणक. बाटलीचं बूच.
मग एक, राखाडी, रेघारेघांची,
तोंड घट्ट मिटलेली.
'आगं, ही बघ!' एवढ्या मोठ्यानं ओरडली
की तारी डबा ठेवून कठड्याशी आला.

सुकांतीनं ती दुसरीवर आपटून दाखवली.
आवाज ऐक. ही भरलेली.
ही नुसता चिखल, शिंपला मिटून बसलेला,
एक जरी चुकून गेली टोपात
तर सगळं कालवण वाया.
आत्या हसली. हे तिला शिकवावं लागणार नव्हतं.
धाग्यातली गाठ तिला
यंत्राच्या आधी बोटांना कळायची;
आमच्या घरचे कांदेसुद्धा
ती कानाशी धरून हलवते.
टक. टक. हा ठेव.
टक. हा टाक.
टाकलेले सुकांतीनं पुन्हा तपासले,
दोनच परत घेतले.

मी काठावर, पायांत बूट,
हातात मोबाइल, फोटो काढत.
एकाही फोटोत आत्याचं तोंड नाही.
सगळ्यांत पाठ, आणि पाठीवर
कधी सुटला तिलाही न कळलेला अंबाडा.

पाणी कधी वळलं ते कुणी पाहिलं नाही.
सुकांतीनं टोपली उचलली तेव्हा
पोटरीचं पाणी गुडघ्याला आलं होतं.
तिनं आत्याच्या पदरात दोन ओंजळी ओतल्या.
पैसे? हात असा झटकला
जणू माशी बसली.

चार वाजून दहा. फेरीबोट सरळ झाली.
तारी ओरडला, 'येतात मगो?'
आत्यानं किल्ल्याकडे पाहिलं, मग पदराकडे.
पदरातून पाणी गळत होतं,
आत काहीतरी कुरकुरत होतं.
'ह्या जित्या हाईत,' ती म्हणाली,
'लॉजवाल्याकडं मोठं पातेलं असंल का?'

रिक्षात तिनं यादी मागितली.
माझ्या खिशात तिचा लगदा झाला होता.
निळी शाई बोटांना लागली.
तळं होतं का वड, ते आता वाचता येईना.
आत्या मागे वळली नाही.
सबंध वाटभर पदर दोन्ही हातांनी धरून
कान लावून बसली होती.