चोवीस पट

रास अल खैमा. खाडीच्या तोंडाशी आमचं बांधकाम,
बांधकामाच्या डोक्यावर क्रेन,
क्रेनच्या डोक्यात, चौऱ्याऐंशी मीटरवर,
काचेच्या खोक्यात मी. दिवसभर सळया उचलतो.
तिथून सकाळी उथळ पाण्यात दिसतो
एक गुलाबी डाग.
कधी लांबतो, कधी फाटतो,
डंपरने हॉर्न दिला की आख्खा उठून
पलीकडे जाऊन बसतो.

पक्षी आहेत ते, अश्रफ मुकादम म्हणाला,
रोहित म्हणतात.
आमच्या घुग्गूसच्या शाळेत तीन रोहित होते,
एकही गुलाबी नव्हता.

मला तो डाग जवळून बघायचा होता. एवढंच.

पगारातून घरचे वजा, मेसचे वजा,
सुलभाच्या दाढेच्या मुळाचे वजा,
नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळचा चहा वजा,
तेव्हा कुठे उशीखाली साडेसातशे दिरहम.

बिजुमोनच्या दुकानात काचेखाली मोठे कॅमेरे,
अंग वेगळं, लेन्स वेगळी;
एका लेन्सच्या पैशात घरावरचे पत्रे बदलून झाले असते.
दुसऱ्या बाजूला साबणाच्या वडीएवढे,
खिशात मावणारे,
डागाला डागच ठेवणारे.
"इन दोनों के बीच में," बिजुमोन म्हणाला, "ब्रिज."
म्हणजे पूल.
लेन्स अंगालाच जन्मभराची चिकटलेली, पण नाक लांब.
धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.
ही जात मला माहीत आहे, असं मी काही बोललो नाही.

काउंटरवर तीन ठेवले त्याने.
एकाला झूम तीस पट, पण डोळा लावायची खिडकीच नाही.
इथल्या उन्हात मागचा पडदा म्हणजे काळी पाटी.
दुसऱ्यात सगळं होतं, आणि अकराशे नव्वद होते.
तो मी हातात घेतला नाही.
घेतला असता तर ठेवता आला नसता.
तिसरा वापरलेला, मायदेशी गेलेल्या कुणा मास्तरीणबाईचा,
पट्ट्याला क्रीमचा वास, एका कोपऱ्यात रबर सुटलेलं.
चोवीस पट. खिडकी आहे.
साधे चार सेल लागतात, कुठल्याही बकाल्यात मिळतील असे.
मी क्रेनवाला. यंत्र आधी कानाने तपासतो.
नाक बाहेर काढलं, आत घेतलं, पुन्हा बाहेर.
वाळूची कुरकुर नव्हती.
दारातून समोरच्या चौथ्या मजल्यावर रोखला
आणि वाळत घातलेल्या लुंगीचे टाके मोजले.
सातशे चाळीसला तुटलं. सेल त्याच्याकडून.

वर न्यायला सेफ्टीवाल्या रोमेलने नाही म्हटलं.
केबिनमध्ये नजर हुकवर पाहिजे.
बरोबरच होतं त्याचं.

म्हणून शुक्रवारी खाली, खाडीच्या चिखलात,
अश्रफच्या चपला घालून.
खिडकीला डोळा लावला
आणि डागाला पाय फुटले.
गुडघे उलटे, डोकी पाण्यात उलटी,
चोच म्हणजे वाकलेली पळी.
एकाच्या पायात पांढरं कडं, कड्यावर अक्षरं,
कुठल्या तरी देशात कुणीतरी घातलेलं.
"याला पण व्हिसा लागतो रे," अश्रफ म्हणाला.
एकोणीस फोटो. अकरा हललेले.

मग उगाच नाक आभाळाकडे वळवलं.
चोवीस पटीत माझी केबिन आली.
उन्हासाठी काचेला आतून लावलेला बिस्किटांचा पुठ्ठा,
अर्धी बाटली पाणी,
खुर्चीच्या पाठीवर माझा टॉवेल,
खुर्ची.
तीन वर्षांत तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

अश्रफच्या लॅपटॉपवरून तोच फोटो घरी पाठवला.
रोहित राहिले.
आईने पडदा डोळ्याजवळ नेला, मग हातभर लांब,
सुलभा सांगत होती,
आणि विचारलं,
"याच्यात तू कुठं हायेस?"

शुक्रवार होता, मी कळवलं.
खाली होतो.