अर्धं टेबल

रुवीत, बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानात
आमचा शुक्रवारचा बाजार भरतो.
भिंतींवर अजून कपाटांच्या जागा दिसतात,
तेवढाच रंग ताजा.
भाडं चौदा जणांत.
एसीचं बिल वेगळं; ते बीनामोल
डोळे मिटून वाचून दाखवते.

एका टेबलाला दोघी. मधून निळी चिकटपट्टी.
पट्टीपलीकडे झुवैनाच्या धूपदाण्या,
हाताने वळलेल्या, जराशा तिरक्या.
"सरळ हवी तर मॉलमध्ये जा,"
असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते,
आणि तरी खपतात.

अलीकडे मी.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या रियालचे
तीन-तीन दशांश जुळवले.
मग कंपनीने शाखा मिटवली
आणि मी सुईत दोरा ओवला.

माझ्या गोधडीत लुगडी नाहीत.
इथे लुगडी आणायची कुठून?
हा निळा तुकडा बॉयलर सूटचा, गुडघ्यावर विरलेला.
हा पांढरा झुवैनाच्या भावाच्या दिशदाशाचा,
कॉफीचा डाग आतल्या बाजूला घेतलाय.
ही काळी किनार माहगुलच्या अबायाची,
"शिव, पण नणंदेला सांगू नकोस."
धावदोरा तेवढा आजोळचा.
आणि खिसे मी उसवत नाही.
का, ते मलाही सांगता येत नाही.

हमदुले चाचांनी लाकडात पाटी कोरून दिली.
पैसे घेतले नाहीत,
मानेखाली घ्यायला उशी मागितली.

पहिले तीन शुक्रवार
लोक यायचे, गोधडीवरून हात फिरवायचे,
"आईची आठवण झाली" म्हणायचे,
आणि आठवण घेऊन जायचे,
गोधडी ठेवून.

चौथ्या शुक्रवारी, नमाजनंतर,
एक उंच माणूस झुवैनापुढे उभा.
दोन धूपदाण्या निवडलेल्या, नोट हातात.
तिने नोट घेतली नाही.
धूपदाण्यांवर आपली ओढणी टाकली
आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवत काही बोलली.
मला एकच शब्द कळला: शेजारीण.

माझी पहिली विक्री सकाळीच झाली, म्हणे.
हिची अजून व्हायचीय. आधी तिच्याकडून घे.
"पण मला धूपदाणीच हवीय."
"मिळेल. नंतर."

तो नाइलाजाने माझ्याकडे वळला.
गोधडी उलटी केली, सुलटी केली,
अचानक त्याचा हात खिशात गेला.
थांबला. हसला.
गाडीची किल्ली खिशात टाकून पाहिली,
पुन्हा काढली, पुन्हा टाकली.
"केवढ्याला?"

मी पंधरा म्हणणार होते.
टेबलाखाली माझ्या पायावर
झुवैनाची टाच पडली.
"अठरा," ती म्हणाली.

नोटा कपाळाला लावून मी पुटपुटले, "भवानी."
"बवानी?"
ती अख्ख्या हॉलभर ओरडली, बवानी!
क्रोशाच्या टेबलावरून मारिविक म्हणाली,
"आमच्याकडे ब्वेना मानो."
चाचा म्हणाले, "आमच्या म्हसळ्याला बोहनी."
बीनामोलने विचारलं, "भाडं आज देतेस का?"

आता ती चिकटपट्टी कुठे आहे, माहीत नाही.
बहुतेक एखाद्या गोधडीत शिवली गेली असावी.

आज शेजारच्या टेबलावर नवा पोरगा आलाय,
लिनोवर मासे, होड्या, उंट कोरून छापतो.
सकाळपासून त्याच्यापुढे कुणी थांबलेलं नाही.
चित्रं सारखी सरळ करतोय,
सरळ असलेली.

आणि माझ्यापुढे एक बाई, पर्स उघडलेली.
माझी भवानी झालीय. त्याची नाही.
पण अठरा रियाल आहेत.
उद्या फ्लॅटचा चेक लागायचाय.
माझ्यातली हिशेबनीस बोटं मोडत
शून्य, दशांश, शून्य, शून्य...

बाई विचारते, "देता ना?"

मी टेबलाखाली
पाय आधीच मागे घेतला आहे,
आणि गोधडीवर टाकायला
ओढणी शोधते आहे.